चूलबंद आवतन

अकोल्यात आणि अमरावतीत मला बरेच लोक महाराज म्हणतात. मी कीर्तन करत नाही, उपदेश करत नाही आणि माझ्या पाया पडायलाही कोणी येत नाही. आमच्याकडे आचाऱ्याला महाराज म्हणतात, एवढंच. जठारपेठेत एका गल्लीत माझं घर आहे. मागच्या पडवीत दोन मोठे गंज, म्हणजे पंगतीच्या स्वयंपाकाची पातेली, अजून उपडे घालून ठेवले आहेत. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं, पण गंज विकवत नाहीत. बायको त्यांच्यावर पापड वाळवते.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "एखादी खास पाककृती द्याल का?" मी म्हटलं, माझी पाककृती दोन पोत्यांपासून सुरू होते, तुमच्या वाचकांकडे तेवढं भांडं नसेल. मग म्हणाले, अनुभव लिहा. अनुभवाला भांडं लागत नाही, म्हणून लिहितो आहे.

लोकांना वाटतं की आचाऱ्याचं कसब मिठात असतं. मीठ कोणीही घालतं. कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त झालं तर लोक पाणी पितात आणि घरी जाऊन शिव्या देतात, म्हणजे आपल्याला ऐकू येत नाहीत. खरं काम अंदाजाचं. किती पानं उठतील हे ज्याला आदल्या दिवशी कळतं तो महाराज, बाकीचे स्वयंपाकी. आणि हा अंदाज यजमानाला विचारून लागत नाही, कारण यजमान एकतर घाबरलेला असतो किंवा फुशारलेला. अमरावतीला एका वकीलसाहेबांनी मुलीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला फोन करून येणार की नाही ते विचारून घेतलं होतं. मला म्हणाले, आता अंदाजाची गरजच नाही. जे येतो म्हणाले होते त्यातले बरेच आले नाहीत, आणि नाही म्हणालेले झाडून सगळे आले. साहेबांनी त्यातल्या एकाची पंगतीत बसल्याजागी उलटतपासणी केली. तो म्हणाला, "जमत नव्हतं, जमवलं."

खेड्यातला अंदाज मात्र आवतनावरून लागतो. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. त्याचे प्रकार आहेत. 'घरटी एक' असं आवतन असलं तर घरातला एक माणूस येतो, बहुतेक करून ज्याला भूक जास्त तो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चूलबंद आवतन. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर आमच्याकडे, आणि तुमच्याकडे पाहुणा उतरला असेल तर तोसुद्धा. चूलबंद आवतन मिळूनही एखाद्याची चूल पेटली, तर त्याने आवतन मोडलं असं समजतात. पूर्वी धुरावरून कळायचं. आता घरोघरी गॅस आहे, धूर दिसत नाही, पण कुकरची शिट्टी ऐकू येते.

दुसरी गोष्ट वाढप्यांची. गावच्या पंगतीत वाढायला पगारी माणसं नसतात. तुम्ही माझ्या घरच्या कार्यात वरणाची बकेट धरली की मी तुमच्या घरच्या कार्यात धरायची. याची नोंद कुठे नसते आणि कोणी विसरत नाही. मी नवीन गावात गेलो की पहिल्यांदा हेच विचारायचो, वाढायला कोण कोण आहे? वाढपी किती यावरून यजमानाचं गावात किती वजन आहे ते कळायचं, आणि त्यावरून मी कणीक भिजवायचो.

आता ज्या जेवणासाठी हे सगळं सांगितलं ते सांगतो. माझ्या कामाच्या शेवटच्या हंगामातलं आहे. गाव दर्यापूरकडचं. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक दिवाळी अंक वाचतात, आणि जे वाचत नाहीत ते वाचणाऱ्यांना विचारतात.

पुंडलिकराव नावाचे गृहस्थ माझ्याकडे अकोल्याला आले. साठीचे, उंच, काळ्या जमिनीचा चांगला तुकडा बाळगून असलेले. खुर्चीत बसले ते पाठ न टेकता.

"रोडगे करायचे हायेत, महाराज. गावजेवन हाय."

"आवतन कसं?"

"चूलबंद."

"घरं किती?"

"अडीचशाच्या आसपास असतीन. तुमी दीडशे पानं करा."

मी चहाचा कप खाली ठेवला. अडीचशे घरांना चूलबंद आणि पानं दीडशे, हे गणित माझ्याकडे आजवर कोणी घेऊन आलं नव्हतं. मी तसं म्हणालो.

"चूलबंद नावाले हाय," ते म्हणाले. "येनार कोनी नाई. पोरीच्या सासरचे येतीन, आमचे दोन-चार सोयरे येतीन. बस."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि सांगताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्यांच्या मुलीचं, म्हणजे वर्षाचं, लग्न अकोल्याला नवऱ्या मुलाकडे झालं. गावातून कोणीच आलं नाही. भाड्याने केलेली बस रिकामी गेली. विहीणबाईंनी चार बायांत वर्षाला विचारलं, "तुझ्या बापाला गाव नाही का?" पोरगी फोनवर आईजवळ रडली. आता नवरा-नवरी आणि सासरची मंडळी पहिल्यांदा गावात यायची होती.

"तिची माय म्हने, आवतन द्यायचं तं चूलबंद, नाईतं देऊच नका. मंग देलं."

"आणि लोक येणार नाहीत?"

"काहून येतीन? मी कोनाकडे जेवलो?"

मी आदल्या दिवशीच गावात गेलो आणि माझ्या पद्धतीप्रमाणे चहाच्या टपरीवर बसलो. तिथे बाकीचं कळलं. पुंडलिकरावांच्या वावराच्या, म्हणजे शेताच्या, मागे शेषरावांचं वावर. शेषरावांची गाडीवाट पुंडलिकरावांच्या बांधाने जायची. कधीकाळी दोघांचं बिनसलं आणि पुंडलिकरावांनी ती वाट नांगरून टाकली. शेषरावांना तेव्हापासून नाल्याला वळसा घालून आपल्याच वावरात जावं लागायचं. गाव शेषरावांच्या बाजूने बोललं. त्यावर पुंडलिकरावांनी जाहीर केलं की या गावातल्या कोणाच्याही घरचं अन्न आपल्या घरात कोणी खाणार नाही. तेव्हापासून ते एकाही पंगतीला बसले नव्हते आणि एकदाही बकेट धरली नव्हती. मुलीच्या लग्नाचं आवतन त्यांनी कसं दिलं होतं, तर एक पत्रिका ग्रामपंचायतीच्या दाराला चिकटवून.

शेषराव टपरीवरच होते. आखूड, रुंद माणूस. मी विचारलं, "उद्या येणार का?"

"पाहाले येईन," ते म्हणाले. "जेवाले नाई. माह्या घरची चूल पेटन उद्या. तुमी सांगून द्या त्याले."

टपरीवरची बाकीची मंडळीही याच मताची. मी सगळ्यांची तोंडं पाहिली, हिशेब केला आणि दीडशेऐवजी दोनशे पानांची कणीक काढली. पन्नास पानं मी माझ्या मनाने वाढवली होती आणि त्या रात्री मला स्वतःच्या उदारपणाचं कौतुक वाटत होतं.

रोडग्यांबद्दल पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना सांगायला हवं. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेच्या लहान-मोठ्या पुऱ्या एकात एक घालून गोळा करतात, तो गोवऱ्यांच्या विस्तवात पुरतात आणि तासदीडतास विसरून जातात. मग काढायचा, फडक्याने राख झटकायची, फोडायचा आणि तुपात भिजवायचा. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. यातलं वरण वाढवता येतं, वरणाला पाण्याचं वावडं नसतं. भाजीही थोडीफार ताणता येते. रोडगा ताणता येत नाही. तो आहे तेवढाच असतो, आणि नवीन लावला तर दीड तासाने मिळतो. म्हणून रोडग्याच्या जेवणात अंदाज चुकला की महाराजाने कुठल्या बाजूने पळायचं ते आधीच पाहून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून दोन बसगाड्या भरून पाहुणे आले. विहीणबाई उतरल्या, चष्मा नीट केला आणि मांडवभर पाहिलं. मांडवात मी, माझा जुना मदतनीस बाबाराव, दोन कुत्री आणि पुंडलिकरावांचे चार सोयरे होतो. वर्षा सासूच्या मागे उभी होती. तिने मांडवाकडे पाहिलंच नाही. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. बाईमाणसाला सासरी जन्म काढायचा असतो, आणि 'तुझ्या बापाला गाव नाही' हे वाक्य भांड्यावर कोरलेल्या नावासारखं कायमचं राहतं.

पाहुण्यांची पहिली पंगत बसली. मी तूप वाढत होतो, तेवढ्यात बाबाराव म्हणाला, "महाराज, रस्ता पाहा." बाबाराव रोडगे भाजताना कोणाशी बोलत नसे आणि एरवीही बोलत नसे, म्हणून मी लगेच पाहिलं.

गाव येत होतं. पुढे म्हातारे, मग पोरंसोरं, हातात पाण्याचे तांबे. आणि मागे बाया. ठेवणीतली लुगडी, इस्तरीच्या साड्या, कडेवर लेकरं. कोणाच्या घरी पाहुणा उतरलेला होता, तो बिचारा अनोळखी चेहऱ्याने त्यांच्यात चालत होता. ज्यांनी काल टपरीवर मला खात्री दिली होती ते सगळे बायकांच्या मागून खाली माना घालून येत होते. सगळ्यांत शेवटी शेषराव.

"तुमची चूल पेटणार होती ना?" मी विचारलं.

"बाईनं काही केलंच नाई," ते म्हणाले. "उपाशी राहू का?"

पुंडलिकराव माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक.

"महाराज, हे काय झालं?"

"लोक आले."

"काहून आले?"

"जेवायला."

त्यांनी रोडग्यांच्या टोपल्याकडे पाहिलं. "पुरन?"

"नाही."

मांडव रिकामा राहील ही भीती सकाळपर्यंत होती. आता मांडव भरला होता आणि ताटं रिकामी राहणार होती. विहीणबाई जेवता जेवता दोन्हींकडे पाहत होत्या, एकदा गर्दीकडे आणि एकदा माझ्या टोपल्याकडे. गाव आलं आणि उपाशी परत गेलं, हे कोणी आलंच नाही त्यापेक्षा वाईट, आणि हे त्या बाईंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तेवढ्यात पुंडलिकरावांच्या पत्नी, कुसुमबाई, पदर खोचत चुलाणाजवळ आल्या. बारीक अंगाची बाई, आवाजही बारीक. मी तोपर्यंत त्यांना नीट पाहिलंही नव्हतं.

"महाराज, किती पंगती निघतीन?"

"या पाहुण्यांची, आणि त्यानंतर गावाची फार तर अर्धी."

"अर्धी पंगत कशी बसवतात?"

त्या जराही रागावल्या नव्हत्या, खरोखर विचारत होत्या. मग बायांकडे गेल्या आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलल्या. बायांत कुजबुज झाली. एकीने म्हटलं, "घरी जाऊन भाकरी थापून आनतो न, त्यात काय?" लगेच दुसरी म्हणाली, "चूल पेटवली तं आवतन मोडलं म्हनतीन. कुसुमबाईचं आवतन मी नाई मोडत." पेच खराच होता. अन्न आणायचं तर चूल पेटवायला हवी, आणि चूल पेटवली तर ज्या बाईसाठी हे करायचं तिचाच अपमान.

तो पेच सोडवला शेषरावांच्या बायकोने, गोदाबाईने. गोदाबाईचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला जातो. "घरची चूल बंदच राहू द्या," ती म्हणाली. "पीठ आना अन् तवे आना. चूल इथंच पेटवा, हिच्या खळ्यात. मंग चूल कोनाची झाली? हिची. आपली बंद."

अर्ध्या तासात पुंडलिकरावांच्या खळ्यात ठिकठिकाणी तीन-तीन विटा मांडल्या गेल्या. बाजूला पऱ्हाट्यांचा म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा ढीग होता, त्या जळायला लागल्या. बाया ठेवणीतल्या साड्यांचे पदर खोचून बसल्या आणि ज्वारीच्या भाकरी थापायला लागल्या. मी इतक्या वर्षांत मोठमोठी कामं केली, पण इतका मोठा स्वयंपाक आणि त्यात माझा इतका कमी हात, असं कधी झालं नव्हतं. मी वरणात पाणी ओतलं. तेवढंच माझ्याकडे होतं.

गोदाबाईजवळून जाताना मी विचारलंच. म्हटलं, काल तर कोणी येणार नव्हतं.

"कोनाले इचारलं तुमी?"

"टपरीवर."

"मानसाइले," ती भाकरी उलटत म्हणाली. "त्याइले काय मालूम?"

मग तिने सांगितलं. उन्हाळ्यात घरोघरी पापड, कुरड्या, सरगुंडे करतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्या मिळून. पुंडलिकराव सकाळी वावरात गेले की दिवेलागणीला परत यायचे. तेवढ्या वेळात कुसुमबाई मागच्या दाराने निघायच्या. या सगळ्या वर्षांत गावातला असा एक पापड नव्हता की ज्याच्या लाटण्याला त्यांचा हात लागला नाही. बाळंतिणीजवळ बसल्या, मयताच्या घरी पाणी भरलं, शेषरावांच्या घरीसुद्धा. पण नवऱ्याचा शब्द होता, म्हणून कुठे एक घास खाल्ला नाही. पाणी प्यायच्या आणि परत यायच्या.

"आमच्या घरात तिनं काही खाल्लंच नाई," गोदाबाई म्हणाली. "आमी कुठं फेडनार? तिनं बलावलं, मंग आलो."

भाकरीचं निभलं, पण भाजी संपत आली होती. शेषराव माझ्या गंजात डोकावले. "वांगे पायजे का? माह्या वावरात हायेत. तोडले की झालं." मी म्हटलं, लगेच हवीत. ते मोटरसायकलकडे वळले आणि थांबले. नाल्याने वळसा घालून जायचं तर येईपर्यंत दुपार उलटली असती. ते परत आले आणि पुंडलिकरावांसमोर उभे राहिले. मी मध्ये, हातात झारा.

"पुंडलिक, तुह्या बांधानं जाऊ का?"

मांडवात पंगत बसायची थांबली होती, कारण सगळं गाव इकडे बघत होतं. बसायला जागा असून लोक उभे होते.

"गाडी नेतं का फटफटी?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"फटफटी."

"मंग जा." आणि मग शेषराव निघाल्यावर, मागून, "तिकडून हरभरा पेरला हाय. डाव्या अंगानं जाय."

शेषराव डाव्या अंगाने गेले. वांगी आली. त्यांनी पोतं माझ्यासमोर रिकामं केलं, हात धुतले आणि विचारलं, "बकेट कुठं हाय?" त्यांनी बकेट धरल्यावर टपरीवरचे बाकीचे लोकही उठले. त्या दिवशी किती पंगती उठल्या ते मी मोजलं नाही. दरवेळी वाटायचं आता ही शेवटची, आणि पंगतीतला एखादा म्हातारा मांडी आवळून म्हणायचा, "सरका थोडे," आणि आणखी दोघं बसायचे. पंगतीत जागा नसते असं होत नाही. टेबल-खुर्चीवर ते होतं, म्हणून मला बुफे आवडत नाही.

विहीणबाई जेवून खळ्याच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. धुरात ओळीने बसलेल्या बाया पाहून त्यांनी वर्षाला विचारलं, "एवढ्या स्वयंपाकिणी लावल्या?"

"स्वयंपाकिणी नाहीत," वर्षा म्हणाली. "गावातल्या आहेत. आईच्या."

"लग्नाला तर कोणी आलं नव्हतं."

गोदाबाईने मान वर केली. "लग्नाचं आवतन ग्रामपंचायतीले होतं, विहीनबाई. ग्रामपंचायत आली नाई का?"

विहीणबाईंनी साडी सावरली, गोदाबाईशेजारी उकिडव्या बसल्या आणि पिठाच्या परातीत हात घातला. त्यांची पहिली भाकरी फाटली. गोदाबाईने ती गोळा करून परत त्यांच्या हातात दिली. वर्षाने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून मांडव पाहिला.

शेवटची पंगत यजमानाची, वाढप्यांची आणि आचाऱ्याची असते. त्या दिवशी तीत बायाही बसल्या, कारण सगळ्यांत जास्त काम त्यांनी केलं होतं. पुंडलिकराव पान पुढ्यात घेऊन बसले, भाकरीला हात लावला आणि थबकले. शब्द आठवला असणार. त्यांनी कुसुमबाईंकडे पाहिलं.

"ही कोनाच्या घरची?"

"तुमच्याच चुलीवरची हाय," कुसुमबाई म्हणाल्या. "जेवा."

त्यांनी घास घेतला. मग खूप वेळाने, वरण संपल्यावर, हळूच विचारलं, "तू या समद्याइच्या घरी जात होती?"

"हो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले वावर होतं," त्या म्हणाल्या. "मले गाव पायजे होतं."

पुंडलिकराव जेवत राहिले. कुसुमबाईंच्या पानात बायांनी आपापल्या हातची एकेक भाकरी ठेवली होती, उतरंड झाली होती. एवढं कोण खाणार? पण त्यांनी प्रत्येकीचा तुकडा मोडला. मी आयुष्यभर लोकांना जेवताना पाहिलं आहे, माझा तो धंदाच होता, पण इतक्या सावकाश जेवणारं माणूस मी पाहिलं नाही.

त्यानंतर मी त्या गावात जी दोन-चार कामं केली त्यात पुंडलिकराव दरवेळी दिसले. कार्य कोणाचंही असो, वरणाची बकेट त्यांच्या हातात. त्यांना बरीच वर्षं भरून काढायची होती आणि घाई होती. वाढण्यात ते अत्यंत वाईट होते. 'पुरे' म्हटलं की त्यांना ऐकू यायचं नाही आणि वरण पानाबाहेर जायचं. लोक त्यांना येताना पाहून पानावर दोन्ही हात धरायचे. मी त्यांना कधी टोकलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीचं लग्न अमरावतीला एका हॉलमध्ये झालं. हॉलचा मॅनेजर टाय लावलेला तरुण होता. त्याने मला विचारलं, "प्लेट्स किती?" आयुष्यभर मी लोकांना विचारलेला प्रश्न. मी एक आकडा सांगितला. मग कुसुमबाईंना फोन केला.

"आवतन कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"चूलबंद," मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या फाटकाशी दर्यापूरच्या दोन काळीपिवळ्या, म्हणजे भाड्याच्या जीपगाड्या, येऊन थांबल्या. एवढ्या लहान गाडीत एवढी माणसं कशी मावली ते तिथल्या वॉचमनला कळेना. पुंडलिकराव आणि शेषराव उतरले, मग बाया उतरल्या. कुसुमबाई, गोदाबाई, बाकीच्या. प्रत्येकीच्या हातात कापडी पिशवी, आणि पिशव्या जड दिसत होत्या. मी म्हटलं, "हे काय आणलं?"

गोदाबाईने पिशवी उघडून दाखवली. आत फडक्यात गुंडाळलेला तवा होता.

"जेवनाचा अंदाज कोनी घेतला?" तिने विचारलं.

"मीच."

"म्हनून आनले," ती म्हणाली.

 आचाऱ्याला अशा वेळी डोळे पुसायला धुराची सबब असते, पण त्या हॉलमध्ये धूर नव्हता.

तवे लागले नाहीत, एवढं मी माझ्या बाजूने नमूद करतो. पण बुफेची रांग पाहून पुंडलिकराव अस्वस्थ झाले. त्यांनी कुठूनशी सतरंजी पैदा केली, कोपऱ्यात अंथरली, टेबलावरचं वरणाचं भांडं उचललं आणि मला म्हणाले, "महाराज, बसा. तुमाले बसून जेवताना मी पाह्यलंच नाई." मॅनेजर धावत आला. हॉलमध्ये खाली बसायला परवानगी नाही म्हणाला. पण तोपर्यंत कुसुमबाई बसल्या होत्या, गोदाबाई आणि शेषराव बसले होते, आणि मला गुडघे धरून खाली बसवलं गेलं होतं.

पुंडलिकरावांनी वाढलं. मी 'पुरे' म्हणालो. वरण पानाबाहेर गेलं आणि माझ्या धोतराकडे निघालं, म्हणून मी थोडा सरकलो. शेजारी जागा झाली. मॅनेजर अजून तिथेच उभा होता, सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. कुसुमबाईंनी त्या जागेवर हात मारला. "बस न बाप्पा," त्या म्हणाल्या. त्याने टाय खांद्यावरून मागे टाकला आणि बसला.